हुरड्याच्या दिवसांत पक्षी बघायला जाताना

पहिल्यांदा गट घेऊन शिवारात पक्षी बघायला गेलो, तेव्हा करण्यासारख्या सगळ्या चुका मी एकाच सकाळी उरकून घेतल्या. सव्वीस माणसं, एक मिनीबस, निघायला उशीर, वर वाटेत थांबून पोहे. शिवारात पाय ठेवला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. परभणीहून तीस किलोमीटर जाऊन आम्ही कावळे, साळुंक्या आणि एक कोतवाल बघून परत आलो, आणि त्यातला कोतवाल बसच्या खिडकीतूनच दिसला होता. तिपाईवर लावलेली मोठी दुर्बीण बघून एक आबा काठी टेकत बांधावर आले आणि म्हणाले, "मोजणीचे का तुम्ही? इकडून रस्ता काढायलाव का काय?" आम्ही रस्त्याचे नाही, पाखरांचे आहोत, हे पटवण्यात अर्धा तास गेला. पटल्यावर त्यांनी विचारलं, "पाखरं बघायची व्हती तर उन्हाचं कशाला आलाव?"

त्या प्रश्नापासून पुढं जे शिकलो ते इथं लिहितोय. अभयारण्यात पक्षी बघणं आणि मराठवाड्याच्या शेतीत बघणं यात मोठा फरक आहे. शिवारात फाटक नसतं, तिकीट नसतं, वाटाड्या नसतो आणि 'पक्षी इथे आहेत' अशी पाटीही नसते. शेतात आज काय काम चाललंय त्यावर पाखरं हलतात. त्यामुळं शेत वाचता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे ज्याचं शेत त्याच्याशी नीट बोलणं.

दिवस आणि वेळ

थंडीचे पाहुणे एकदम येत नाहीत. भोरड्या पोळ्याच्या आगंमागंच दिसायला लागतात, बदकं दिवाळीनंतर वाढतात. नवख्यांचा गट न्यायचा तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतचा काळ धरा. त्यातही डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी उत्तम. सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली असतात, तूर खळ्यावर येत असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात आणि ज्वारी हुरड्यात असते. खाणं भरपूर आणि आडोसा कमी, म्हणजे पाखरं असतातही आणि दिसतातही.

एकट्यानं सुरुवात करायला धीर होत नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात आपल्या जिल्ह्यात कुणी फेरी काढतंय का ते बघा. वनलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्यात हा आठवडा पाळतात. त्यात एखादी फेरी केली की पुढची आपली आपल्याला आखता येते.

लातूर-धाराशिवकडे जाणार असाल तर पंचांग बघून तारीख काढा. वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. त्या दिवशी पाखरं बिचकून लांब गेलेली असतात. कुणी जेवायला बोलावलं तर दुर्बीण घरी ठेवून जा.

या दिवसांत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो. पावणेसातला तुम्ही बांधावर उभे पाहिजेत. गाडीत नाही, बांधावर. पहिले दोन तास सोन्याचे, साडेनऊनंतर पाखरं सावली धरतात आणि माणसं जांभया देतात. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे, तेव्हा कानटोपीला लाजू नका.

माणसं किती

आठ ते दहा. त्याहून जास्त झाली तर दोन गट करा आणि दोन वाटांनी पाठवा. दिंडीत जसा पुढं पताकावाला असतो तसा पुढं चालणारा एकच ठेवा, त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. एक माणूस कायम सगळ्यांच्या मागं. लहान मुलं जरूर न्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. मात्र चौघांमागं एक मोठं माणूस हवं, का ते पुढं विहिरींबद्दल लिहिलंय.

वाट कशी निवडायची

फेरीच्या आधी चार-पाच दिवस एकट्यानं किंवा दोघांनी जाऊन वाट पाहून या. ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. दोन-अडीच किलोमीटरची गाडीवाट पुरते. त्या वाटेवर चार वेगवेगळ्या जागा लागल्या पाहिजेत: थोडं भिजणारं रान, थोडं कोरडवाहू, एखादा माळ किंवा गायरान, आणि शेवटी पाणी. आपल्याकडं पाण्याची अडचण नाही, म्हणजे पक्ष्यांपुरती तरी नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर खोदलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. जानेवारीत त्यांचं पाणी मागं सरकतं, कडेला चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यातल्या पाखरांना तोच हवा असतो.

वाटेची सुरुवात पूर्वेच्या टोकाला करा आणि पश्चिमेकडं चाला. सूर्य पाठीशी राहिला की समोरच्या पाखराचे रंग दिसतात. उलट चाललात तर सगळे पक्षी कावळे. आम्ही दोन वर्षं एका तलावावर उलट्या बाजूनं जात होतो आणि तिथं 'काळी बदकं' फार आहेत असं एकमेकांना सांगत होतो.

आता शेत वाचण्याबद्दल. हे सावकाश वाचा.

ज्या रानात पाणी चालू आहे तिथं आधी जा. गव्हाच्या वाफ्यात पाणी शिरलं की जमिनीतले किडे वर येतात, आणि दहा मिनिटांत गायबगळे, शराटी आणि धोबी हजर होतात. धोबी ओळखायला सोपा: शेपटी सारखी वरखाली, धुणं आपटल्यासारखी. मोठा, काळा, पांढऱ्या भुवईचा धोबी आपल्याकडचाच, बारमाही. त्याच्याहून लहान, राखी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा दिसला तर तो थंडीचा पाहुणा. पिवळा धोबीही याच दिवसांत येतो, आणि गुरांच्या पायापायांत फिरतो.

हरभऱ्याचं रान बुटकं असतं, त्यामुळं त्यात उंच उभी असलेली प्रत्येक गोष्ट तपासा. घाटेअळीसाठी बऱ्याच ठिकाणी इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे रोवतात. काही शेतकरी हरभरा पेरतानाच मूठभर ज्वारी मिसळतात, म्हणजे मध्येमध्ये ज्वारीची ताटं उभी राहतात आणि पाखरांना बसायला जागा होते. या थांब्यांवर कोतवाल, वेडा राघू, खाटीक, गप्पीदास ठरलेले. नीलपंखही इथंच भेटतो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच. बसलेला असताना मातकट, डोळ्यात न भरणारा, आणि उडाला की पंखांत दोन-तीन निळ्या छटा उघडतात. नवख्या माणसाला पहिला पक्षी हाच दाखवावा असं माझं मत आहे. पुढच्या फेरीला तो आपणहून फोन करतो.

ज्वारी उंच असते, आतलं काही दिसत नाही, म्हणून ज्वारीच्या वर बघा. कणसावर लटकणारे भारीट: नराचं पोट पिवळंधमक, डोक्याचा काळेपणा थंडीत जरा पुसट. हे इराणपासून युरोपच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंतच्या मुलखातून इथं ज्वारी खायला येतात. मादी मात्र चिमणीसारखी मळकट असते. काळ्या डोक्याच्या भारीटाची की लाल डोक्याच्या, यावर बांधावर उभं राहून वाद घालू नका. जाणकारांनाही ते दर वेळी सांगता येत नाही. 'भारीट, मादी' असं लिहा आणि पुढं चला.

आणि भोरड्या. काळं डोकं, काळे पंख, मधलं अंग गुलाबी. लहान पिल्लं मात्र भुरकट. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येतात, उन्हाळा लागताना पळसा-सावरीच्या फुलांवर मध पितात म्हणून पळसमैना हे दुसरं नाव. संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात वळतो तेव्हा चादर झटकल्यासारखी दिसते. हे बघून तुमच्या गटातलं कुणीतरी "किती सुंदर!" असं ओरडेल. त्याच वेळी शेजारच्या रानात एक माणूस मचाणावर उभा राहून गोफण फिरवत असेल, कारण ती चादर त्याच्या कणसांवर उतरणार असते. त्याच्यासमोर कौतुक जरा आवरतं घ्या. भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही मोप खातात हे खरं आहे, पण हुरड्याच्या महिन्यात तो हिशेब त्याला ऐकवायला जाऊ नका. मी एकदा एका शेतकरी मामांना ऐकवला होता. मामा म्हणाले, "अळ्या खात्यात तर मंग कणसावर काय करायल्यात?" मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही.

माळ किंवा पडीक रान दिसलं की गट थांबवा आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहा. माळावर पाखरं असतात, पण ती मातीच्या रंगाची असतात आणि आपण थांबल्याशिवाय हलत नाहीत. चंडोल, डोंबारी, माळटिटवी, नशीब असेल तर धाविक. डोंबारी हे नाव उगाच पडलेलं नाही. हा चिमणीएवढा पक्षी वर चढतो, पंख आवरून दगडासारखा पडतो आणि जमिनीजवळ येऊन पुन्हा वर जातो.

याच माळावर, नाहीतर कापणी झालेल्या रानावर, भोवत्या भेटतो. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, पंख किंचित वर उचललेले, सावकाश, एका धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, दुसऱ्या धुऱ्याकडं, वखर चालल्यासारखा. मध्येच अंग मोडल्यागत वळतो आणि गवतात पडतो: एक नाकतोडा. नर फिकट राखी, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. यांचे दोन-तीन प्रकार आपल्याकडं येतात, माद्या एकीसारखी दुसरी. पहिल्या हिवाळ्यात 'भोवत्या' एवढं ओळखलं तरी भरून पावलं. रात्री हे झाडावर न बसता उघड्या माळावर, गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, अनेक मिळून. म्हणून संध्याकाळी माळावर गाडी घालू नका, आणि कुणाला मुक्कामाची जागा सापडली तर तिचा फोटो गावभर पाठवू नका.

हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला पक्षी दिसला तर दोघांपैकी एक. पांढरा, खांद्यावर काळा, डोळा लालभडक: कापशी, बारमाही. विटकरी पाठीचा: खरूची, थंडीचा पाहुणा.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पोचलात की गोठ्याच्या कुडावर आणि दगडांच्या ढिगावर नजर टाका. तिथं एक चिमणीएवढा पक्षी शेपूट थरथरवत बसलेला असतो. नर काळा, पोट आणि शेपूट तांबूस. हा थिरथिरा. हिमालयापलीकडून येऊन हा दर वर्षी शेणकुटांच्या रचेवर बसतो याचं मला फार नवल वाटतं. चिंचेच्या नाहीतर कडुलिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी असतेच. उसाकडं बघण्यासारखं फारसं काही नाही. पहाटे तर उसाच्या कडेनं जाऊच नका, मराठवाड्यातही आता बिबट्या उसात राहतो.

तलावावर सगळ्यात आधी काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी दिसतील. त्यांचं नाव वारकरी. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या पाण्यावर, त्यांचा मेळा भरतो तेव्हा हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. त्याच्याहून लहान, बुडी मारून भलतीकडं निघणारी ती टिबुकली. थापट्या बदक चोचीवरून ओळखा, उलथन्यासारखी रुंद. केशरी अंगाची मोठी जोडी काठाला फिरत असेल तर चक्रवाक. गोष्टीतली ती ताटातूट झालेली जोडी प्रत्यक्षात दिवसभर एकमेकांना सोडत नाही. मोठं पाणी जवळ असेल तर पट्टकादंबही दिसतील, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. जायकवाडीचं पाणी उतरतं तसा मोकळ्या झालेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, आणि कोवळ्या हरभऱ्या-गव्हावर हे हंस सकाळी चरायला उतरतात. जायकवाडी १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं जाणार असाल तर वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या.

विचारल्याशिवाय धुरा ओलांडायचा नाही

वाट बघायला जाल त्याच दिवशी शेतकऱ्याला भेटा. आखाड्यावर कुणी नसेल तर गावात चहाच्या टपरीवर विचारा: हे रान कुणाचं? मग सरळ सांगायचं, "मामा, येत्या रविवारी आम्ही दहा जण पाखरं बघायला येऊ म्हणतो. पिकात पाय घालणार नाही, वाटेवरूनच जाऊ." नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही. पण न विचारता आत शिरलेल्या माणसाला जे ऐकावं लागतं तेही मी ऐकलंय, आणि ते योग्य होतं.

रात्रपाळीची लाईट असेल तर तो माणूस रात्रभर पाणी देऊन पहाटे नुकता पाठ टेकत असतो, तेव्हा आखाड्यावर मोठ्यानं बोलू नका. हरभरा, शेंगा, ऊस स्वतःच्या हातानं तोडू नका. थांबलात तर तो स्वतःच पेंडी हातात देतो.

वाट बघताना पाणी देण्याचा वार, कालव्याची पाळी, कुठं तूर काढायची आहे, हेही विचारून घ्या.

काय न्यायचं

दुर्बीण. तिच्यावर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्यानं आठ पटीची घ्यावी. दहा पटीत हातही दहा पट थरथरतो. दहा हजारांच्या आतबाहेर कामाची मिळते. दहा जणांत चार दुर्बिणी पुरतात.

दुर्बीण गळ्यात घालून मिरवणारे पुष्कळ, लावून घेतलेली फार थोड्यांची. ही पाच मिनिटं घरीच खर्च करा. आधी दोन्ही नळ्या बिजागरीवर उघडमीट करून दोन गोलांचा एक गोल करून घ्या. आमच्यातल्या एका मावशींना वर्षभर दोन-दोन पक्षी दिसत होते आणि त्या बिचाऱ्या दोन्ही लिहीत होत्या. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेवा. आता उजवा डोळा झाका, लांबची एखादी पाटी बघा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. मग डावा झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. ती कडी तुमच्या डोळ्यांची झाली, आता पुन्हा हलवायची नाही. पुढं फक्त मधलं चाक.

पक्षी दुर्बिणीत कसा धरायचा? नजर पक्ष्यावरून काढायचीच नाही. नजर तिथंच ठेवून दुर्बीण वर डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

कपडे मातकट. औतापाठोपाठ शेतात फिरणाऱ्या पांढऱ्या धोतर-टोपीला बगळे कधी बिचकत नाहीत आणि आपल्या महागड्या खाकीला शंभर पावलांवरून उडतात, हा अन्याय आहे, पण त्यांची ओळख धोतराशी आहे. बूट घोट्यापर्यंतचे. तूर कापल्यावर राहिलेले खुंट तिरपे आणि टोकदार असतात, चप्पल भेदून जातात. हरभऱ्यातून सकाळी चालू नका: पिकाचं नुकसान तर होतंच, शिवाय पानांवर दहिवरात उतरलेली आंब बुटाचं कातडं आणि पायाची कातडी दोन्ही खाते. आमच्या आज्या तीच आंब फडक्यावर धरून पोटदुखीला ठेवायच्या. मोजे लोकरी घातलेत तर कुसळं काढण्यात दुपार जाईल.

बाकी पाणी, खिशात मावेल अशी वही, पेन्सिल. पेन थंडीत आणि दहिवरात दगा देतो. मोबाईलमध्ये पक्षी ओळखायचं मर्लिन हे ॲप आपल्या भागाच्या माहितीसह घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, मग शिवारात रेंज नसली तरी चालतं. अत्तर, उग्र वासाचं तेल नको. मोठ्या झाडांना आग्या मोहळ असतं, आणि त्याच्या खाली उभं राहून विडी ओढणाऱ्याला कुणी वाचवत नाही.

प्रत्यक्ष फिरताना

दोन तासांत दोन किलोमीटर. याहून भराभर चाललात तर तो मॉर्निंग वॉक.

पक्षी दाखवताना हात लांब करून बोट रोखू नका, पाखरू दगड मारतोय असं समजून उडतं. 'तो बघा तिथं' याला काही अर्थ नसतो. खूण सांगत जा: विजेचा तिसरा खांब, त्याच्या डावीकडं बाभूळ, बाभळीचा वाळलेला शेंडा, त्याच्या दोन वीत खाली. मोठी खूण आधी, बारकी नंतर. उडत्या पक्ष्यासाठी घड्याळ: वाट पुढं जाते ते बारा, उजवा हात तीन. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांकडून एकदा घोकून घ्या.

ओळख पटवताना रंगाकडं सगळ्यात शेवटी बघा. आधी केवढा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, की कावळ्याएवढा? मग काय करतोय, शेपूट कशी हलते, कुठं बसलाय. वहीत हेच लिहा. नाव संध्याकाळी घरी शोधता येतं, पण शेपूट कशी हलत होती हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर मागं फिरा. तिनं सगळ्या शिवाराला वर्दी दिलेली असते, पुढं काही उरलेलं नसतं.

जपायच्या गोष्टी

विहीर. आपल्याकडच्या निम्म्या शिवारी विहिरींना कठडा नसतो आणि कडेला गवत माजलेलं असतं. दुर्बीण डोळ्याला लावून एकही पाऊल टाकायचं नाही, पुढं नाही, मागं तर अजिबात नाही. वाट बघायला गेलात तेव्हा विहिरी कुठं आहेत ते टिपून ठेवा आणि फेरीच्या सुरुवातीला सगळ्यांना मोठ्यानं सांगा. मोठ्यानं बोलायची परवानगी आहे ती एवढ्यासाठीच.

तार. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून रानाभोवती तार ओढलेली असते. कुठं झटका मशीन असतं, कुठं कुणी चोरून थेट वीज सोडलेली असते, आणि बघून कळत नाही कुठली कोणती. कुठल्याच तारेला हात लावू नका आणि खालून वाकून जाऊ नका.

साप थंडीत झोपतात हा गैरसमज आहे. घोणस याच दिवसांत फिरताना दिसते. कडब्याच्या बुचाडाला टेकून बसू नका.

जखमी, मांज्यात अडकलेलं पाखरू सापडलं तर पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

नंतर

साडेनऊ-दहाला एका झाडाखाली बसा आणि यादी करा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हो-नाही म्हणायचं. ज्याच्याबद्दल दोघांचंही एकमत नाही ते नाव खोडा. यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर ती अभ्यासकांच्या कामी येते. मात्र दिसलेले सगळे टाका, कावळे-साळुंक्यांसकट, आणि अंदाजे किती तेही. फेब्रुवारीत चार दिवसांची जगभरची पक्षी मोजणी असते, तिच्यात पाझर तलावावरची पंधरा मिनिटंही चालतात.

मामांनी आगटी पेटवली असेल तर घाई करू नका. शेणकुटांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून गरम हुरडा ओंजळीत पडतो, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. गुळभेंडी ज्वारी असेल तर चटणीचीही गरज नाही. पैसे देऊ केलेत तर रागावतील. आम्ही त्यांच्या घरच्या मुलांसाठी वह्या नेतो आणि निघायच्या आधी दुर्बीण घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरवतो. एका आज्जींनी तिच्यातून पहिल्यांदा काय बघितलं असेल तर पलीकडच्या रानात शिरलेली शेजाऱ्याची म्हैस.

यादी मामांनाही पाठवा, व्हॉट्सॲपवर, मराठी नावांनी. सुरुवातीला मी शिष्टाचार म्हणून पाठवायचो. गेल्या जानेवारीत एका गुरुवारी रात्री त्यांचाच आवाज आला, मागं मोटारीची घरघर: "सर, कालवा सुटलाय. उद्या सकाळच्याला खालच्या गव्हात पाणी येतंय. तुमचे ते धोबी का काय, बघायचे असतील तर सहालाच या. आन् ते मोजणीचं यंत्र बी आणा, पोरं विचारायलीत."